डॉ. कोटणीस आणि खाडीपलीकडचे गोराई

बोरिवलीच्या पश्चिम टोकाला गोराईचा धक्का आहे. तिथून होडीत बसले की थोड्याच वेळात माणूस पलीकडच्या काठावर उतरतो. रविवारी ही होडी सहलीला निघालेल्यांनी भरलेली असते. कोणी समुद्रावर जायला निघालेला असतो, तर कोणी २००९ मध्ये उघडलेला विपश्यना पॅगोडा पाहायला. त्यांच्या दृष्टीने मधली खाडी म्हणजे घटकाभराची मौज. परंतु पलीकडच्या गावात राहणाऱ्या कोळ्याला, ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबाला, भाजीपाला पिकवणाऱ्या शेतकऱ्याला हीच खाडी रात्री भिंतीसारखी वाटते. बाळंतीण अडली, म्हाताऱ्याला धाप लागली, मुलाला साप चावला, तर होडी केव्हा आहे आणि ओहोटी कुठवर आली आहे हे आधी पाहावे लागते. होडी नसेल तर रस्ता आहेच. पण तो उत्तनवरून भाईंदरला जातो. म्हणजे मुंबईच्या हद्दीतल्या रोग्याने मुंबईच्याच रुग्णालयात पोचण्यासाठी आधी मुंबई सोडायची, दुसऱ्या महानगरपालिकेच्या रस्त्यांवरून वळसा घालायचा आणि मग दहिसरच्या बाजूने पुन्हा मुंबईत शिरायचे. खाडीवर पूल नाही आणि गावात मोठे रुग्णालय नाही.

डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवरच्या लेखाची सुरुवात गोराईच्या धक्क्यावरून व्हावी, याचे कोणाला नवल वाटेल. सोलापूरच्या या माणसाचा गोराईशी कसलाही संबंध नव्हता. आयुष्याची अखेरची चार वर्षे त्यांनी घालवली ती चीनच्या डोंगराळ मुलुखात. परंतु डॉक्टर रोग्याकडे किती अंतर चालून जातो, हा प्रश्न कोटणीसांच्या आयुष्याच्या मध्यभागी आहे आणि गोराईच्या आयुष्याच्याही. त्या प्रश्नाला बगल देऊन कोटणीसांचे जे स्मरण होते, त्यातून हाराखेरीज काही शिल्लक राहत नाही.

आणि हार मात्र पुष्कळ झाले आहेत. चीनचा कोणी थोर पाहुणा भारतात आला की कोटणीस कुटुंबाची आठवण निघते. २००६ मध्ये हू जिंताओ आले, २०१३ मध्ये ली केचियांग आले, २०१४ मध्ये शी जिनपिंग आले. प्रत्येकाने डॉक्टरांच्या आप्तांची भेट घेतली, छायाचित्रे निघाली, मैत्रीची भाषणे झाली. सीमेवर गोळी सुटली की तेच छायाचित्र भिंतीवरून उतरते. १९६२ नंतर कित्येक वर्षे हे नाव उच्चारताना लोक आवाज खाली आणीत. २०२० च्या गलवाननंतरही थोडेफार तसेच झाले. दोन सरकारांच्या सोयीगैरसोयीप्रमाणे ज्याचा मान वाढतो आणि घटतो, तो हुतात्मा नव्हे, राजनैतिक दस्तऐवज झाला. कोटणीस त्याहून फार मोठे होते. मोठे म्हणण्यापेक्षा, फार साधे होते.

१० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात त्यांचा जन्म झाला. घर मध्यमवर्गीय, भावंडे पुष्कळ, शहर गिरण्यांचे. ते विशीच्या उंबरठ्यावर होते तेव्हा, १९३० च्या मे महिन्यात, याच सोलापुरात इंग्रज सरकारने लष्करी कायदा पुकारला; आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांना फाशी दिली. त्या शहरातला कोणताही तरुण या घटनांना अपरिचित राहणे शक्य नव्हते. पुढे कोटणीस मुंबईला सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. १९२६ साली सुरू झालेल्या या संस्थेला ज्यांनी देणगी दिली, त्यांनी अध्यापकवर्ग भारतीयच असला पाहिजे अशी अट घातली होती. गोऱ्या आय. एम. एस. अधिकाऱ्यांच्या मक्तेदारीला दिलेले ते उत्तर होते. परळच्या गिरणगावात उभ्या असलेल्या के. ई. एम. रुग्णालयाच्या वॉर्डांतून जो विद्यार्थी तयार होतो, त्याला रोगाचे सामाजिक मूळ शिकवण्यासाठी वेगळे पुस्तक लागत नाही.

१९३७ च्या जुलैत जपानने चीनवर पूर्ण ताकदीने चढाई केली. आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू ते यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर आणि औषधे यांची मागणी केली. १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोसांनी देशाला आवाहन केले, निधी गोळा झाला आणि पाच डॉक्टरांचे पथक सिद्ध झाले. प्रमुख होते अलाहाबादचे डॉ. मदन अटल. स्पेनच्या यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने जखमींची सेवा करून ते नुकतेच परतले होते. नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ जहाजाने त्यांनी मुंबईचा किनारा सोडला. स्वतः गुलाम असलेल्या राष्ट्राने दुसऱ्या राष्ट्राच्या स्वातंत्र्यासाठी डॉक्टर पाठवावेत, ही गोष्ट त्या काळच्या राष्ट्रीय चळवळीची उंची दाखवते. जपानशी लढणाऱ्या चीनला ज्यांनी हे पथक पाठवले, ते सुभाषबाबूच पाच वर्षांनी, १९४३ मध्ये, टोकियोला गेले. इतिहासाची ही गाठ भाविकपणे सोडवता येत नाही आणि सोडवण्याचा प्रयत्न करू नये. कोटणीस तोवर हयात नव्हते.

पाच जण निघाले, परंतु पाचही जण अखेरपर्यंत राहिले नाहीत. करार साधारण एका वर्षाचा होता. चोळकर आणि मुखर्जी १९३९ मध्ये परतले. प्रकृती ढासळल्यामुळे अटलांनाही १९४० मध्ये यावे लागले. यात कमीपणा कोणाकडेच नाही. मागे राहिले ते बसू आणि कोटणीस. कोटणीसांना वडिलांच्या निधनाची वार्ता चीनमध्येच कळली. घरी परत जाण्यास याहून सबळ कारण कोणते असणार? थोरल्या संसाराची जबाबदारी मागे होती, भावंडांची शिक्षणे व्हायची होती. तरीही ते येनानच्या वाटेनेच पुढे गेले. घरच्यांनी या निर्णयाची किंमत मोजली आहे, हे कोटणीसांच्या चरित्रात फारसे कोणी लिहीत नाही. ध्येयवादी माणसाच्या त्यागाचा मोठा हिस्सा त्याच्या घरातली माणसे मुकाट्याने भरीत असतात. सार्वजनिक कार्यकर्त्यांच्या घरांतून हा हिशेब सर्वांना ठाऊक असतो.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोचले. बसू आणि कोटणीस यांची मैत्री त्या गुहांमध्ये आणि पुढच्या पायपिटीत पक्की झाली. दोघांनीही चिनी भाषा शिकली. पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांच्या अखेरीस चीनवाचक ‘हुआ’ हे अक्षर जोडलेले होते. कोटणीस झाले ‘के तिहुआ’. हे दोघे मित्र १९४० मध्ये शत्रूच्या पिछाडीच्या प्रदेशात, सेनापती न्ये रोंगझेन यांच्या भागात, एकत्र गेले; मग बसूंना येनानला बोलावणे आले आणि कोटणीस तिथेच राहिले. पुन्हा भेट झाली नाही. १९४३ मध्ये एकटे परतलेले बसू पुढे आयुष्यभर, १९८६ साली मृत्यू येईपर्यंत, मित्राचे काम सांगत राहिले. चीनमधून आणलेली सुयांच्या उपचाराची विद्या गरिबांना परवडणारा उपचार म्हणून त्यांनी भारतात रुजवली, आणि त्या कामालाही कोटणीसांचेच नाव दिले. मित्राच्या स्मारकाची याहून समंजस कल्पना सहसा आढळत नाही.

१९४० च्या लढाईत कोटणीसांनी आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले. एकदा तर बहात्तर तास झोप न घेता शस्त्रक्रिया चालू ठेवल्या. हा आकडा भाषणांतून नेहमी येतो, आणि यावा. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट १९४१ च्या जानेवारीत घडली. कॅनडाचे थोर शल्यवैद्य नॉर्मन बेथ्यून १९३९ च्या नोव्हेंबरात शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून रक्तदोष होऊन वारले होते. त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक म्हणून तीस वर्षांच्या कोटणीसांची नेमणूक झाली. रुग्णालय म्हणजे काय, तर शेतकऱ्यांची घरे. रोगी गावोगाव विखुरलेले, शत्रू जवळ आला की सगळे खाटल्यांसह डोंगरात हलवायचे. वीज नाही, औषधे अपुरी. अशा ठिकाणी त्यांनी शाळा चालवली. शेतकऱ्यांच्या मुलांना त्यांच्याच भाषेत शल्यविद्या शिकवली, आणि त्यांच्यासाठी चिनी भाषेत पाठ्यपुस्तक लिहायला घेतले. डॉक्टर आला तर रोगी वाचतो. डॉक्टरने चार डॉक्टर घडवले तर गाव वाचते. हा विचार त्यांच्या कामात होता.

तिथले सैनिक आणि खेडूत त्यांना लाडाने ‘काळी आई’ म्हणत, असे सांगतात. सावळ्या रंगावरून पडलेले हे नाव. मराठी शेतकरी आपल्या जमिनीला याच शब्दांनी हाक मारतो, हे त्या बिचाऱ्यांना कुठून ठाऊक असणार!

बेथ्यून यांच्या समाधीच्या समारंभात कोटणीसांची गाठ क्वो छिंगलान या तरुणीशी पडली. ती बेथ्यून शाळेत परिचर्या शिकवीत होती. १९४१ मध्ये दोघांचा विवाह झाला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला आणि सेनापती न्ये यांनी त्याचे नाव सुचवले ‘यिनहुआ’. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. बाळ साडेतीन महिन्यांचे असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीसांचा अंत झाला. वय अवघे बत्तीस. दुखणे आधीपासून अंगात होते, उपचारासाठी मागे जाण्याचा आग्रहही झाला होता. काम सोडून जायला ते तयार झाले नाहीत. दुसरे पाठ्यपुस्तक अपुरे राहिले. संसार एका वर्षाचा. त्यानंतर छिंगलान सत्तर वर्षे जगली. २०१२ मध्ये तिचे निधन झाले. ती अनेकदा भारतात आली, सासरच्या माणसांत राहिली, पहिल्या पतीचे नाते तिने तुटू दिले नाही. मात्र यिनहुआ वाचला नाही. वैद्यकाचे शिक्षण घेत असतानाच, १९६७ साली, पंचविशीच्या आत तो गेला. आणि उपचारातला हलगर्जीपणा त्याला कारण झाला असे म्हटले जाते. कोणत्या वर्षी, हे लक्षात घ्यावे. सांस्कृतिक क्रांतीच्या धुमाळीने त्या वेळी चीनमधल्या शाळा-रुग्णालयांची घडी विसकटली होती. ज्या क्रांतीसाठी बापाने प्राण वेचले, तिला मुलाचे प्राण राखता आले नाहीत.

समाजवाद्यांना कोटणीसांचे स्मरण करताना आणखीही काही अवघड गोष्टी बोलाव्या लागतात. १९४२ च्या ऑगस्टात इथले समाजवादी भूमिगत होऊन इंग्रजांशी झुंजत होते. कोटणीस त्याच वर्षी चीनच्या कम्युनिस्ट पक्षात दाखल झाले आणि जपानशी, म्हणजे इंग्रजांच्या शत्रूशी, लढत होते. दोन्ही लढाया आपापल्या जागी न्याय्य होत्या, असे आज म्हणता येते. त्या वेळी ते म्हणणे सोपे नव्हते. पुढे त्याच चिनी पक्षाने तिबेटात जे केले, त्याचे समर्थन कोटणीसांच्या नावावर कोणी करू पाहील, तर ते मान्य होणार नाही. माणूस आपल्या कृतीने मोजावा. त्याच्या मरणानंतर त्याच्या पक्षाने काय केले यावरून नव्हे, आणि कोणत्या राष्ट्राध्यक्षाने त्याला फुले वाहिली यावरून तर नव्हेच.

१९४६ साली व्ही. शांतारामांनी ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला. ख्वाजा अहमद अब्बासांच्या पुस्तकावर तो आधारलेला होता आणि कोटणीसांची भूमिका स्वतः शांतारामांनी केली होती. लोकांनी तो पाहिला, डोळे पुसले. त्याच १९४६ साली या देशात आणखी एक दस्तऐवज प्रसिद्ध झाला. त्यासाठी डोळे कोणी पुसले नाहीत, कारण तो कोणी वाचलाच नाही. सर जोसेफ भोर यांच्या समितीचा आरोग्यविषयक अहवाल तो. या समितीत कामगारनेते ना. म. जोशी होते. पैसे देता येत नाहीत म्हणून कोणीही उपचारावाचून राहता कामा नये, हे तिचे मूलतत्त्व होते. आणि दीर्घ मुदतीच्या योजनेत दहा ते वीस हजार वस्तीमागे पंचाहत्तर खाटांचे रुग्णालय असलेले प्राथमिक केंद्र असावे, अशी तिची शिफारस होती. ऐंशी वर्षे होत आली. त्या मोजमापाने पाहिले तर खेडी सोडाच, मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीतली गावेही उत्तीर्ण होणार नाहीत. हा देश कोटणीसांवर चित्रपट काढू शकला. कोटणीसांचे काम सरकारी खर्चाने आणि नित्यनेमाने व्हावे असे सांगणारा कागद मात्र त्याने कपाटात ठेवला.

आता पुन्हा गोराईकडे. ही वस्ती लहान आहे, तिथे रुग्णालय परवडणार नाही, असे उत्तर अधिकारी देतात. परवडणे हा शब्द कोणत्या पालिकेच्या तोंडी आहे? २०२५-२६ या वर्षाचा जिचा अर्थसंकल्प चौऱ्याहत्तर हजार कोटी रुपयांच्या वर गेला, तिच्या. आणि ही वस्ती लहान आहे हे सरकारला फक्त दवाखान्याच्या वेळी आठवते. करमणूक बाग उभारायची होती तेव्हा, १९८९ च्या सुमारास, याच काठावरची जमीन मोठी दिसली. विशेष पर्यटन क्षेत्राचे नकाशे निघाले तेव्हा गोराई, मनोरी, उत्तन ही सगळी धारावी बेटाची गावे एकदम महत्त्वाची ठरली. ग्रामस्थांनी त्या योजनांना कडाडून विरोध केला आणि तो योग्यच होता. पर्यटकासाठी खाडी ओलांडायला ज्यांची योजना तयार असते, त्यांची योजना बाळंतिणीसाठी तयार का नसते, एवढेच विचारायचे आहे.

दुसरे उत्तर असे की पूल झाला म्हणजे सगळे प्रश्न सुटतील. पुलाने रुग्णवाहिका येईल, हे खरे. पण पुलावरून बिल्डरही येईल, आणि आजवरचा अनुभव पाहता तो आधी येईल. शिवाय पुलाच्या टोकाला जे सार्वजनिक रुग्णालय असायचे, तेच सार्वजनिक राहील याची तरी हमी कोणी द्यावी? पालिकेची रुग्णालये खाजगी भागीदारीत सोपवण्याची भाषा गेली काही वर्षे उपनगरांतून उघडपणे चालली आहे. गोराईच्या कोळिणीने खाडी ओलांडून बोरिवलीला यावे आणि तिथे तिच्यापुढे दरपत्रक धरले जावे, हा तिच्या प्रवासाचा शेवट असेल, तर पुलाने अंतर कमी केले असे म्हणता येणार नाही.

तिसरे उत्तर खुद्द वैद्यक व्यवसायाकडून येते : आजच्या तरुण डॉक्टरांत कोटणीस उरले नाहीत. हे उत्तर ऐकायला भारदस्त आहे आणि साफ चुकीचे आहे. कोटणीस एकटे नव्हते. त्यांच्या पाठीशी निधी देणारी जनता होती, जखमी वाहून आणणारे शेतकरी होते, शिकायला उत्सुक असे विद्यार्थी होते, आणि दुर्गम भागात डॉक्टर हवाच असा निश्चय केलेली संघटना होती. त्यांच्या जागी आजच्या पदवीधराला काय मिळते? एका वर्षाच्या सक्तीच्या सेवेचा कागद, राहायला गळकी खोली, औषधांचे रिकामे कपाट, आणि दंड भरून सुटका करून घेण्याची वाट. ती वाट अर्थात श्रीमंतांच्या मुलांसाठी. मग तो टिकला नाही की त्याला स्वार्थी म्हणायचे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्याच निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवले, तेव्हा हेच सिद्ध झाले की माणसे मिळतात. त्यांना उभे करणारी रचना लागते. गोराईला संताची गरज नाही. पगार वेळेवर मिळणारा, रात्री हजर असणारा आणि सुटीवर गेला तर बदली मिळणारा डॉक्टर हवा.

मागण्या फार नाहीत. गावातच चोवीस तास चालणारे प्रसूतिगृह आणि दोन पाळ्यांऐवजी तीन पाळ्यांचे डॉक्टर. खाडीत पालिकेची स्वतःची रुग्णनौका, आणि ओहोटीतही ती लागेल असा धक्का. दोन्ही काठांवर रुग्णवाहिका. सर्पदंशाची आणि हृदयविकाराची तातडीची औषधे गावात कायम. कोळीवाड्यातल्या मुलींना परिचर्येचे शिक्षण आणि त्याच दवाखान्यात नोकरी. आणि बोरिवलीचे सार्वजनिक रुग्णालय कोणाच्याही हाती न देण्याची लेखी ग्वाही. येत्या ९ डिसेंबरला ज्या सभागृहांत कोटणीसांच्या तसबिरीला हार घातला जाईल, त्यांपैकी एक सभागृह मुंबई महानगरपालिकेचे असावे आणि हे मागणीपत्र त्याच दिवशी तिथे पटलावर ठेवले जावे.